आधी थांबली पाहिजे, मग चालली पाहिजे, मग दिसली पाहिजे : पहिली फियाट उभी करताना

गाडी घरी आणली तेव्हा ती लालभडक होती. नवा रंग, नवी सीट कव्हरं, टायरांना काळं पॉलिश. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या डेंटरमामांनी एक चक्कर मारली, काही बोलले नाहीत. मग दारावर बोटाची पेरं वाजवत वाजवत खाली आले. वर ‘टण्’ वाजत होतं, कडेला आल्यावर ‘ठप्’. खिशातलं लोहचुंबक काढून त्यांनी दाराखालच्या पट्टीला लावलं. ते घसरून जमिनीवर पडलं.

“भावा, हितं पत्रा हाय कुठं? सगळी पुट्टीच हाय की.”

पुट्टी म्हणजे पत्र्यातले खड्डे बुजवायचा लेप, त्याला चुंबक चिकटत नाही. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो, पहिल्या नोकरीचं दुसरं वर्ष. जुनी गाडी उभी करायची हौस मोबाइलवर अमेरिकन मसल कारचे व्हिडिओ बघून लागलेली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची तशीच लागली असणार. पण त्या व्हिडिओंत एक गोष्ट आपल्याला लागू नाही. तिकडे जुन्या मस्टँग किंवा कॅमॅरोचा नुसता आरसा नाही, अख्खी नवी बॉडी विकत मिळते. म्हणून ते पहिल्याच दिवशी गाडी शेवटच्या बोल्टापर्यंत खोलू शकतात. आपण तसं केलं तर गाडी खोलून होते, पैसे संपतात, आणि पत्र्याचा सांगाडा आठ-दहा वर्षं पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली पडून राहतो. असे सांगाडे आमच्या कोल्हापुरात मी पुष्कळ पाहिलेत.

म्हणून या लेखातली पद्धत वेगळी आहे. काम तीन फेऱ्यांत करायचं आणि प्रत्येक फेरीनंतर गाडी स्वतःच्या चाकांवर हलली पाहिजे. पहिल्या फेरीत ती थांबायला शिकते, दुसरीत चालायला, तिसरीत दिसायला. आपल्याला घाई असते ती तिसरीची, आणि फसगत तिथेच होते.

कुठली गाडी

मी फियाट घेतली, म्हणजे प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ही कुर्ल्याची गाडी. १९६४ मध्ये फियाट ११००डी म्हणून आली, १९७२ मध्ये प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. त्याआधीची गोल नाकाची म्हणजे ‘डुक्कर फियाट’. ती देखणी, पण पहिलीच गाडी म्हणून तिच्या वाटेला जाऊ नका.

पद्मिनी शिकण्यासाठी चांगली आहे, कारण तिच्यात लपलेलं काही नाही. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, वर अ‍ॅल्युमिनियमचं हेड, एक सोलेक्स कार्बोरेटर, मागे पाटे (लीफ स्प्रिंग), चारही चाकांना ड्रम ब्रेक. बॉनेट उघडलं की प्रत्येक वस्तूला हात पोचतो. शिवाय मुंबईत ती टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होती. त्यामुळे पिस्टन, बेअरिंग, ब्रेकची वॉशर किट, क्लच प्लेट असा चालू माल कुर्ल्यात किंवा पुण्याच्या नाना पेठेत हिंडलं की अजून मिळतो.

मिळत नाही तो दागिना. क्रोमच्या पट्ट्या, ग्रिल, टेल लॅम्पच्या काचा, दारांची मूळ हँडलं, मीटरची काच. टॅक्सीवाल्याला हे लागत नव्हतं, म्हणून कुणी बनवलंही नाही. तेव्हा समोर दोन गाड्या असतील, एक चालू पण क्रोम गायब आणि दुसरी बंद पण दागिना अंगावर शाबूत, तर डोळे झाकून दुसरी घ्या. इंजिन लेथवाला पुन्हा नवं करून देतो. टेल लॅम्पसाठी मात्र पुण्याच्या जुन्या बाजारात किती रविवार आणि बुधवार घालवावे लागतील याचा नेम नाही.

बघायला जाताना

सकाळी जा, उजेडात जा. पाऊस पडत असेल तर उत्तम, गळकी गाडी लगेच कळते. सोबत चार वस्तू असू द्या: फडक्यात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक, जुना स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च आणि अंगावर मळले तरी चालतील असे कपडे. गाडीखाली शिरायला मालक नको म्हणाला तर चहा पिऊन परत या.

ही मोनोकॉक गाडी आहे, म्हणजे वेगळी चेसिस नाही. पत्रा हाच तिचा सांगाडा. जीप किंवा ट्रकचा पत्रा गेला तर खाली चेसिस असते, इथे पत्रा गेला की गाडीच गेली. म्हणून रंगाकडे बघूच नका. पायाखालची मॅट उचला आणि फ्लोअर बघा. दाराखालच्या पट्ट्या, दारांच्या खालच्या कडा, बॅटरीचा ट्रे, डिकीत स्टेपनीची जागा, काचेच्या रबराचे कोपरे, सगळीकडे चुंबक फिरवा. मग आडवे व्हा आणि मागचे पाटे जिथे बॉडीला अडकतात ती जागा शोधा. तिथे स्क्रू ड्रायव्हर जोर लावून टोचा. पापुद्रे निघाले तर वेल्डिंग करून निभावतं. टोक सरळ आत गेलं तर घरी या, मालक कितीही कमी करू दे.

गाडी कुठे राहिली हेही विचारा. देशावरच्या कोरड्या हवेतली, सोलापूर-पंढरपूरकडची गाडी आणि रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या वाऱ्यातली गाडी, दोन्ही एकाच सालच्या असल्या तरी पत्र्यात वीस वर्षांचा फरक वाटतो. वालचंद मूळ सोलापूरचे, त्यामुळे आमच्या ग्रुपवर ‘सोलापूरची गाडी माहेरची’ असा विनोद चालतो. माझी लाल राणी किनाऱ्यावरून आली होती. ते मी विचारलंच नव्हतं.

कागद पैशाच्या आधी

या भागात हौस बाजूला ठेवा. आरसी बुकावरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः वाचा, फोटो काढा. नंबर घासलेला किंवा जुळत नसेल तर सौदा संपला. इंजिन मधे बदललं असेल तर आरसीवर त्याची नोंद हवी.

खाजगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं चालते, पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. जुन्या गाड्यांचं हे नूतनीकरण हमखास थकलेलं असतं. फी, दंड आणि पर्यावरण कर मिळून आकडा किती होतो ते आरटीओत विचारा आणि तेवढे किमतीतून कमी करून मागा. हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली गाडी असेल तर फॉर्म २८ वर ना हरकत. मूळ मालक हयात नसेल, आणि या गाड्यांत ते फार वेळा होतं, तर आधी वारसाच्या नावावर फॉर्म ३१ ने चढवून घ्या. “नंतर बघू” म्हणणाऱ्या मुलाला आगाऊ एक रुपया देऊ नका. त्याची बहीण दुबईत असते आणि सही तिची लागते.

पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झाली असतील तर २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी घेता येते. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २० हजार, मुदत १० वर्षं. पण मग ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्तीपुरतीच रस्त्यावर आणायची. रविवारी मिसळ खायला न्यायची असेल तर साधी नोंदणी जिवंत ठेवा.

पहिली फेरी: थांबली पाहिजे

बंद पडलेली गाडी मिळाली की पहिला मोह किल्ली मारून बघायचा. तो आवरा. इंजिन चालू झालं की गाडी हलते आणि हललेली गाडी थांबवायला आपल्याकडे काहीच नसतं.

गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) चढवा. नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, एका मिनिटासाठीसुद्धा नाही. आणि सडक्या पट्टीला जॅक लावू नका. माझा जॅक ‘कर्र’ करत पट्टीत चार बोटं घुसला होता. नशिबाने मी बाहेर होतो.

ड्रम काढताना आतली धूळ फुंकायची नाही, हवाही मारायची नाही. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं, ते फुप्फुसात बसलं की निघत नाही. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. चारही व्हील सिलिंडरची रबरं बदला, आत गंज असेल तर सिलिंडरच नवा घ्या. लोखंडी पाइप बोटाने चाचपून बघा, खरखरीत लागला तर बदला. रबरी होज तर चांगले दिसले तरी सगळे फेका, ते आतून सुजलेले असतात. जुन्या गाड्यांत ब्रेकचं सर्किट एकच, त्यामुळे एक पाइप फुटला की चारही चाकं मोकळी. इथे शंभर-दोनशे रुपये वाचवायचे नसतात.

ब्रेकचं नवं ऑइल भरलं की हवा काढायची. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. एक जण पेडल दाबून धरतो, दुसरा चाकाजवळचा निपल (हवा सोडायचा स्क्रू) उघडतो, बंद करतो, मगच पेडल सोडायचं. माझ्या वेळी पेडलवर आई बसली होती. “दाबू? सोडू?” असं तासभर चाललं, आणि शेवटी पेडल दगडासारखं लागलं तेव्हा माझ्याआधी तीच “लागलं!” म्हणून ओरडली. ब्रेक ऑइल रंगावर सांडू देऊ नका, रंग सोलून निघतो.

चाक लावलेलंच असताना वर आणि खाली धरून हलवा. खडखडलं तर किंगपिन किंवा बेअरिंग. डावी-उजवीकडे हलवून खडखडलं तर टाय रॉड एंड. टायरवर शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी नवी दिसते म्हणून बारा वर्षांचं टायर ठेवू नका.

दुसरी फेरी: चालली पाहिजे

वर्षानुवर्षं बंद इंजिनाला सेल्फ मारला की चिकटलेल्या रिंगा मोडतात. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात दोन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि दोन दिवस विसरून जा. मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने फिरवा. हळूहळू फिरलं तर अर्धी लढाई झाली. अडलं तर लांब पाइप लावून जोर करू नका, आणखी ऑइल आणि आणखी दोन दिवस.

फिरतंय म्हटल्यावर गॅरेजवाल्याकडून कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर) मागून आणा. चारही सिलिंडरचे आकडे वहीत लिहा. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती हे महत्त्वाचं. एखादा फारच खाली असेल तर त्याच्यात चमचाभर ऑइल सोडून परत मोजा. आकडा वर आला तर रिंगा गेल्या, जागचा हलला नाही तर व्हॉल्व किंवा गॅस्केट. ही एका चमच्याची परीक्षा तुमचे हजारो रुपये वाचवते, कारण “इंजिन डाऊन करायला (उतरवून पूर्ण खोलायला) लागतंय” असं सांगणाऱ्याला तुम्ही वहीतले आकडे दाखवू शकता.

माझं डाऊन करायलाच लागलं. इथे कोल्हापूरकरांची मजा आहे. उद्यमनगरात क्रँक ग्राइंडिंगपासून हेडची फेसिंग करण्यापर्यंत सगळं चालत जाण्याच्या अंतरात होतं. पण क्रम चुकवू नका: आधी ओव्हरसाइज (थोड्या मोठ्या मापाचे) पिस्टन विकत आणायचे आणि मग तेच पिस्टन लेथवाल्याच्या हातात देऊन त्या मापाचा बोअर (सिलिंडरचं भोक) करून घ्यायचा. बोअर आधी झाला आणि त्या मापाचे पिस्टन बाजारात नसले तर ब्लॉक कागदांवर वजन म्हणून ठेवायलाच उपयोगी पडतो. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, वाकतं. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या) आवळा. मिस्त्री “हाताला अंदाज हाय” म्हणाला तरी पाना तुमचा पुढे करा.

खोलताना प्रत्येक वस्तूचा फोटो, आणि नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत, वर चिठ्ठी. आमच्या घरी दिवाळीचे फराळाचे डबे त्या वर्षी मिळाले नाहीत. चकलीच्या डब्यावर ‘वॉटर पंप’ लिहिलेलं होतं.

ठिणगीचं काम सोपं आहे. पॉइंट, कंडेन्सर, कॅप, रोटर, प्लगच्या वायरी, सगळं एकदम नवीन घाला. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. पेट्रोलचं मात्र आता नवं दुखणं आहे. पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याला टिकत नाही. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे रबरी पाइप इथेनॉल चालणारे घ्या, गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदाही बदला. टाकी उतरवून आत टॉर्च मारून बघा. गंज असेल तर साफ करा, नाहीतर कार्बोरेटर दर आठवड्याला चोंदणार. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपवून ठेवा.

ऑइल साधं मिनरल, २०डब्ल्यू-५०. नव्या गाड्यांचं महागडं पातळ सिंथेटिक हिच्या गॅपांना पुरत नाही. रेडिएटर नुसता पाण्याने धुऊन भागलं नाही तर उघडून साफ करून घ्या.

वायरिंगबद्दल एवढंच: अर्धे बिघाड अर्थिंगचे असतात. बॉडीला जिथे जिथे काळी वायर आवळलीय तिथला रंग खरवडून लखलखीत पत्रा करा. टेपांवर टेपा गुंडाळलेलं जुनं वायरिंग असेल तर पूर्ण नवा हार्नेस टाका. अशीच जोडलेली वायर एखाद्या रात्री पेटते.

आता गाडी चालते. थांबा. दोन-तीन महिने ती तशीच, डाग पडलेली, वाकड्या बंपरची, चालवा. गिअरबॉक्सचा आवाज, मागची गळती, गरम झाल्यावरची कुरबुर, सगळं या काळात बाहेर येतं. रंगावर ग्रीसचे हात लागायचे तर ते जुन्याच रंगावर लागू देत.

तिसरी फेरी: दिसली पाहिजे

सगळ्यात जास्त पैसा आणि वेळ इथे जातो, तोही रंगात नाही, पत्र्यात. डेंटरशी बोलताना एकच वाक्य ठरवून जा: “पुट्टी शेवटी, आधी पत्रा.” सडलेला भाग कापून काढायचा, चांगला चकचकीत पत्रा लागेपर्यंत. वरून तुकडा चिकटवला की गंज आत तसाच जिवंत राहतो. नवा तुकडा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्याचा, साधारण २० गेजचा, हाताने ठोकून मूळ वळणात आणलेला. हे वळण आणणारे डेंटर आता कमी उरलेत, मिळाला तर त्याच्या सवडीने थांबा.

पट्ट्या आणि फ्लोअर कापण्याआधी दारं बसवलेली असू द्या आणि आत आडवे-उभे पाइप टाचून घ्या. नाहीतर मोनोकॉक बॉडी मधून खचते आणि मग दार लागत नाही. वेल्डिंग एमआयजीने (तार आणि गॅसच्या मशीनने), सलग न मारता एकेक टाका, एक इकडे, एक तिकडे. मधे पत्रा निवू द्यायचा. सलग मारला की तो पापडासारखा भाजून वाकतो. डेंटरमामा प्रत्येक टाक्यानंतर हात लावून बघायचे, चटका बसला तर तंबाखू मळायला घ्यायचे. तंबाखू मळून झाली की पत्रा निवलेला असायचा.

वेल्डिंग झालं की त्याच दिवशी प्रायमर. उघडा पत्रा कोल्हापुरात एका रात्रीत तांबूस होतो. एपॉक्सी प्रायमर महाग वाटतो, पण नुसत्या रेड ऑक्साइडच्या भरवशावर पावसाळा काढता येत नाही. पट्ट्यांच्या आत मेण किंवा गंजरोधक सोडायला विसरू नका, आणि दारांच्या खालची पाणी जायची भोकं पुट्टीने बुजलेली नाहीत ना ते काडी घालून बघा. माझ्या दारांचं मूळ मरण तेच होतं.

रंग एनसी (नायट्रोसेल्युलोज) की पीयू (पॉलीयुरेथेन)? एनसी जुन्या चमकेच्या जवळ जातो, घरी दुरुस्त होतो, पण लवकर फिका पडतो. पीयू टिकतो. मात्र त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते दम्याला आमंत्रण आहे. रुमाल बांधून स्वतः मारू नका, बूथ आणि नीट मास्क असलेल्याकडूनच मारून घ्या. आणि जुलै-ऑगस्टमध्ये रंगाचं काम काढूच नका. दमट हवेत एनसीवर पांढुरकी साय धरते. मी गणपतीच्या आत गाडी बाहेर काढायची म्हणून ऑगस्टमध्ये बॉनेट मारून घेतलं. दिवाळीनंतर ते परत घासलं. रंग मूळचाच ठेवायचा नसेल तर आरसीवर नोंद करून घ्या.

पैसे आणि वेळ

माझी गाडी ६० हजारांची. मी वहीत अंदाज लिहिला होता दीड लाखाचा, दोन वर्षं आणि चार महिन्यांनी वही पावणेतीन लाखांवर थांबली. त्यातला निम्म्याहून जास्त पत्रा आणि रंग. पगारातून दर महिन्याला ठरावीक रक्कम बाजूला काढली आणि ती संपली की काम बंद, हा एकच नियम पाळला. कर्ज काढलं नाही. फेऱ्यांची पद्धत इथेही कामी येते, कारण मधे चार महिने पैसे नसले तरी गाडी चालत असते.

पहिली लांब फेरी

पन्हाळ्याला नेली, कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटर. वाघबीळच्या चढाला गाडीने दोन आचके दिले आणि बंद. मे महिना, दुपारचं ऊन. पेट्रोल होतं, ठिणगी होती. पेट्रोल पंप इंजिनाला खेटून बसलेला, त्याच्यात पेट्रोलची वाफ झालेली. जुन्या टॅक्सीवाल्यांचा इलाज केला: फडकं पाण्यात भिजवून पंपावर गुंडाळलं आणि झाडाखाली बसलो. दहा मिनिटांनी किल्ली मारली तर लागली. डिकीत तेव्हापासून पाच लिटर पाणी, एक जुना टॉवेल, फॅनचा जादा पट्टा, पॉइंटचा सेट आणि पाने असतात.

५०० किलोमीटर झाल्यावर ऑइल आणि फिल्टर बदला. इंजिन पूर्ण गार असताना हेडचे बोल्ट पुन्हा टॉर्कला लावा, टॅपेट (व्हॉल्वची फट) परत सेट करा. आणि पाट्यांचे यू-बोल्ट तेव्हाच आवळून घ्या, माझे दोन ढिले निघाले होते.